दोनशे चौदा

खसबच्या धक्क्यावरून पहाटे साडेचारला निघतो.
डोंगर इथे थेट पाण्यात उतरतात,
झाड नाही, चिमूटभर माती नाही,
नुसता भाजून ठेवलेला खडक.

नाखवा खमीस. नाखवा हा शब्द देवगडलाही तोच,
कोणाच्या गलबतातून कुठे आला, विचारू नका.
खमीसच्या नावात पाच आहेत.
त्याला सीताकांत म्हणता येत नाही,
म्हणून मी सित्ता, म्हणजे अरबीत सहा.
पाच, सहा, आणि वही मांडीवर घेऊन डॉक्टर शम्सा.

गळाची उलटी नखी कानशीनं घासून टाकलेली.
गेदर लागला की दमवायचा नाही, पटकन ओढायचा,
ओल्या झोळीत निजवायचा, डोळ्यांवर फडकं,
तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी.
थांबला की गुदमरतो हा. पोहणं हाच त्याचा श्वास.
शम्सा मोजते, नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत: बासष्ट.
दुसऱ्या पराच्या मुळाशी सुई तिरकी जाते,
बाहेर राहतो पिवळा दोरा, शेवयेएवढा,
त्यावर आकडा, फोन नंबर आणि कळवण्याची विनंती.
तीस सेकंद.
मग डोकं खाली धरून फेकायचा, भाल्यासारखा.

पहिल्या आठवड्यात हात ऐकेनात.
होडीत आला तो आपला, हे बापानं शिकवलेलं.
अंगठा आपोआप कल्ल्यात शिरायचा.
शम्सा ओरडली नाही,
पायानं बादली माझ्याकडे सरकवली.
हात ओले कर, म्हणाली,
कोरड्या हातानं त्याची कातडी भाजते.

आयुष्यभर गेदर कापले मी, पण बर्फातले.
जिवंत गेदर आतून कोमट असतो
हे बावन्नाव्या वर्षी कळलं.
ताप आलेल्या पोराची पोटरी दाबावी, तसा.

दोनशे चौदा भर दुपारी आला.
दोरा टोचून झाला, आकडा लिहून झाला,
आणि मग दिसलं, गळ खोल गेला होता.
पाण्यात सोडला तर पोट वर.
खमीसनं होडी वळवली.
मी वाकून शेपटी धरली, पुढे नेला, पुढे नेला,
बंद पडलेली मोटरसायकल ढकलत न्यावी तसा.
कितीतरी वेळ. पाठ भाजली.
तो सुरू झाला नाही.

शम्सानं वेळ लिहिली, पुढे एक शब्द.
खमीसनं भात टाकला, त्यात काळं सुकं लिंबू.
मी पिशवीतली तिरफळं काढली.
जेवताना कोणी बोललं नाही.
दोरा ताटाच्या कडेला पडून होता.
धुऊन तिच्यापुढे ठेवला, तर म्हणाली,
हा आकडा आता दुसऱ्याला देता येत नाही.

परवा पलीकडून, इराणातल्या जास्कहून फोन आला.
एकशे एकतीस कुणाच्या तरी जाळ्यात सापडला,
एकोणीस दिवसांनी.
बक्षीस म्हणून टोपी मिळते ना, एवढंच त्यानं विचारलं.
शम्सानं नकाशावर खसबपासून जास्कपर्यंत
पट्टीनं सरळ रेघ मारली.
मासा सरळ जात नाही, तिलाही माहीत आहे.
मधले एकोणीस दिवस कोणालाच माहीत नाहीत.
पूर्ण ठाऊक आहे ती एकाचीच वाट,
ती माझ्या ताटात संपली.

रात्री घरी फोन लावला.
आज किती मिळाले? बायकोनं विचारलं.
सतरा.
आणि किती आणलेत?
एकही नाही. सगळे सोडले.
ती बराच वेळ हसत राहिली,
मग एकदम गंभीर होऊन म्हणाली,
आणि पगार देतात ना?

देतात, म्हटलं.
बोटांना अजून पाण्याचा वास होता.